निबंध तुमच्या मुलाचाच हवा: प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या निबंधांसाठी आम्ही कशी मदत करतो

पहिल्या भेटीत आम्ही मुलांना नुसतं बोलतं करतो. वही मिटलेलीच असते. कारण कोरा कागद समोर आला की सोळा-सतरा वर्षांची मुलं एकदम भाषणाचा सूर लावतात. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ वाक्य खरं असतं, पण त्याखाली कुणाचंही नाव घालता येतं.

एका मुलीचा मसुदा असाच होता. तासभर गप्पा झाल्यावर ती सहज म्हणाली, आजोबांना दिसायला कमी आल्यापासून मी त्यांच्या औषधांच्या बाटल्यांवर चित्रं चिकटवते. सकाळच्या बाटलीवर सूर्य, रात्रीच्या बाटलीवर चंद्र. दुपारसाठी काढलेला अर्धा सूर्य आजोबांना चंद्र वाटला, तेव्हा तिने त्या झाकणाला रबरबँड गुंडाळला, हाताला कळावं म्हणून. ‘पण हे तर घरातलं आहे, हे कसं लिहू?’ आम्ही म्हटलं, हेच लिही. औषधशास्त्राची तिची ओढ त्या रबरबँडमधून दिसली, वेगळी सांगावी लागली नाही.

मात्र हीच गोष्ट सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतल्या कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या, मुख्य निबंधाला 250 ते 650 शब्द मिळतात, तिथे ती फुलवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात 8 पैकी 4 प्रश्न निवडून प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्दांत उत्तर द्यायचं असतं. ब्रिटनच्या यूकासमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश अर्जात, 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही उत्तरं मिळून 4000 अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, बसवायची असतात. तिथे भर विषयाच्या अभ्यासावर. आजोबांना दोन ओळी पुरे.

शिष्यवृत्तीचा निबंध वाचणाऱ्याला हे पैसे योग्य हाती जातील का, हे पाहायचं असतं. घरची अडचण असेल तर ती सरळ, नेमकी सांगावी आणि त्या अडचणीत मुलाने काय केलं ते लिहावं. एकच निबंध दहा ठिकाणी पाठवू नये. तो लगेच ओळखू येतो.

आम्ही एकही वाक्य लिहून देत नाही. समासात प्रश्न लिहितो: ‘त्या दिवशी नेमकं काय झालं?’, ‘हा शब्द तू एरवी वापरतोस का?’ कॉमन ॲपवर मजकूर स्वतःचा असल्याची ग्वाही द्यावी लागते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला निबंध स्वतःचा म्हणून देणं तिथे फसवणूक धरलं जातं. पालकांनाही कळकळीची विनंती: मसुद्यावर पेन चालवू नका. वाचताना कुठे कंटाळा आला, तेवढंच मुलाला सांगा. तुमच्या सफाईदार वाक्यांत त्याचा आवाज हरवतो.

कॉमन ॲपचा नवा अर्ज 1 ऑगस्टला उघडतो. त्याआधी दोन महिने तरी या. चार-पाच मसुदे सहज होतात आणि दोन मसुद्यांमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. पहिल्या भेटीला तयार निबंध आणू नका. अर्जातले प्रश्न आणि शब्दमर्यादा तेवढी आणा, आणि पहिला अर्धा तास मुलाला आमच्याशी एकट्याने बोलू द्या.