दोन ‘संसारा’, आणि लडाखचे लामा दोन्हींत

लडाखच्या लामावरचा ‘संसारा’ पाहा, असं कुणी सुचवलं की अनेकांच्या हाती दुसराच सिनेमा लागतो. नाव एकच आणि लडाखचा मठही दोन्हींत, त्यामुळे चुकणाऱ्याचा दोष नाही.

रॉन फ्रिके यांचा ‘संसारा’ २०११ चा. त्याला कथा नाही, संवाद नाहीत, निवेदनही नाही. जवळपास पाच वर्षं २५ देशांत फिरून ७० मिमी फिल्मवर टिपलेली दृश्यं आणि त्यांना संगीताची साथ, एवढंच. बालीच्या नर्तिका, फिलिपाइन्सच्या तुरुंगात नाचणारे कैदी, मक्केतली गर्दी. लडाखच्या ठिकसे मठातले लामा रंगीत वाळूचं मंडल रचतात आणि शेवटी स्वतःच पुसून टाकतात. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण यातल्या एकाही लामाचं नाव आपल्याला कळत नाही.

पान नलिन यांच्या २००१ च्या ‘संसारा’त लामाला नाव आहे: ताशी. (हेच नलिन पुढे ‘छेल्लो शो’ या गुजराती सिनेमामुळे घरोघरी माहीत झाले.) तीन वर्षं, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस एकांतात ध्यान करून ताशी बाहेर येतो. मठ त्याचा गौरव करतो आणि त्याच सुमारास त्याच्यात वासना जागी होते. सिद्धार्थाने २९ वर्षं घरात काढली, मग घर सोडलं. मी तर लहानपणापासून मठातच आहे, मी सोडायचं काय, असा त्याचा गुरूंना सवाल. त्याला उत्तर देणं सोपं नाही, आणि सिनेमाही घाई करत नाही.

ताशी मठ सोडतो, पेमाशी लग्न करतो, मुलगा होतो. मला खरा सिनेमा इथून पुढचा वाटतो. धान्याचा व्यापारी वजनात मारतो हे पाहून तो माल स्वतः शहरात नेतो आणि वैर ओढवून घेतो. शेताला आग लागते. मजुरीला येणाऱ्या सुजाताकडे त्याचं मन जातं. ध्यानाला बसून यातलं काहीच शिकता आलेलं नसतं.

शेवट आधी कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा. ताशी रात्री बायको-मुलाला झोपेत टाकून मठाकडे निघतो. पेमा त्याला वाटेत गाठते आणि यशोधरेविषयी बोलते: सिद्धार्थ सगळ्यांना आठवतो, तिची आठवण कोण काढतं? आईला मूल असं टाकून जाता येईल का? क्रिस्टी चुंग यांनी हे बोलणं आवाज न चढवता केलंय. तोवर आपण ताशीच्या बाजूने पाहत असतो. इथे ती बाजू सोडावी लागते. या एका प्रसंगासाठी मी नलिन यांचा सिनेमा वरचा मानतो.

फ्रिके यांचा सिनेमा मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा. नलिन यांचा लॅपटॉपवरही चालेल, फक्त त्यातली शृंगाराची दृश्यं उघड आहेत, तेव्हा मुलांना घेऊन बसू नका. पोस्टरवर शॉन कू आणि क्रिस्टी चुंग ही नावं असतील, तर तो ताशीचाच.