शाईतून धातूचा थर: पार्श्वभूमी

पैठणी विणली जाते पैठण-येवल्यात, तिची जरी मात्र बहुतेक सुरतेहून येते. अस्सल जरीत चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात. वितळलेल्या चांदीचा तिथे उपयोग नाही, कारण ती 961 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी रेशमाची राख होते. प्लास्टिकच्या फिल्मवर धातूच्या शाईने सर्किट छापणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. साधी पॉलिएस्टर फिल्म दीडशे अंशांच्या पुढे आकसू लागते.

वाट निघाली ती धातूच्या अतिसूक्ष्म कणांतून: त्यांची शाई छापायची आणि मंद आचेवर कण जुळवायचे. 1857 साली मायकेल फॅरडेने सोन्याच्या क्षारापासून लालभडक द्रव केला आणि हा रंग सोन्याच्याच बारीक कणांचा, असं मांडलं. सर्किटच्या दृष्टीने मला मोठा वाटतो तो मात्र फिलाडेल्फियाचा कॅरी ली. 1889 मध्ये त्याने सिल्व्हर नायट्रेटवर हिराकस (फेरस सल्फेट) आणि सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) यांची क्रिया केली. नांदेड-लातूरकडच्या बीएस्सीच्या प्रयोगशाळेतही सापडावं असंच हे सामान. मिळालेला गाळ कागदावर किंवा काचेवर वाळवला की धातूसारखा चकाकायचा. ली याला वाटलं, हे चांदीचं निराळंच रूप आहे. खरं तर ते सायट्रेटचं आवरण चढलेले चांदीचे सूक्ष्म कण होते. चांदीची शाई करायला ही कृती आजही वापरतात.

पुढे 1954 मध्ये मिएको ताकागी यांनी शिसं, कथील आणि बिस्मथचे अतिपातळ थर नेहमीपेक्षा कमी तापमानाला वितळतात हे दाखवलं. 1976 मध्ये बुफा आणि बोरेल यांनी सोन्याच्या कणांवर तेच मोजलं. तेव्हापासून ‘कण लहान म्हणून शाई लवकर वितळते’ असं सर्रास सांगतात, पण ते अर्धसत्य आहे. वीस-तीस नॅनोमीटरच्या कणाचा वितळणबिंदू फारसा घसरत नाही. कण न वितळताच जुळतात. पृष्ठभागावरचे अणू सरकतात आणि दोन कणांमध्ये मानेसारखा अरुंद सांधा तयार होतो.

खरा अडसर कणांवरच्या आवरणाचा. ते नसेल तर बाटलीतच गुठळ्या होतात आणि छापल्यावर टिकून राहिलं तर वीज वाहत नाही. 1994 मध्ये ब्रस्ट आणि सहकाऱ्यांनी थायॉल या गंधकयुक्त सेंद्रिय संयुगाने सोन्याचे कण इतके पक्के झाकले, की ते वाळवून पुन्हा विरघळवता येऊ लागले. साठवणुकीला ही सोय उत्तम, पण थायॉल धातूला घट्ट धरून बसतं. म्हणून चांदीच्या शाईत बऱ्याचदा अमाइनसारखी (नायट्रोजनयुक्त संयुगांची) सैल पकडीची आवरणं घेतात. ती मंद आचेवर सुटतात.

तांबं चांदीपेक्षा खूप स्वस्त आणि वीज वाहण्यात किंचितच मागे, पण हवेत तापवलं की ऑक्साइड धरतं. त्यावर उपाय म्हणून झेनॉन दिव्याचा झगझगाट टाकतात. काही मिलिसेकंदांत कण जुळतात आणि खालची फिल्म तापायच्या आत काम उरकतं.