आयत्या वेळी निघणाऱ्यांसाठी: जिओकॅशची फाइल आधीच तयार ठेवा
(आमच्याकडून जीपीएस भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

शुक्रवारी रात्री शटर अर्धं खाली आलं की कोणीतरी वाकून विचारतंच, "उद्या पहाटे राजगडाकडे निघतोय, वाटेतले डबे टाकून मिळतील का?" डबे म्हणजे जिओकॅश: कोणीतरी लपवून ठेवलेले आणि जीपीएसवर जागा बघत शोधायचे. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि डब्यांच्या जागांची यादी म्हणजे फाइल. जीपीएस मिळतो, डबे मिळत नाहीत. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल दुसऱ्याला द्यायची परवानगी नसते, त्यामुळे आमची फाइल तुमच्या यंत्रात टाकता येत नाही. तुमची स्वतःची फाइल मात्र दर आठवड्याला आपोआप तयार होईल अशी सोय एकदाच करून ठेवता येते.

तिचं नाव 'पॉकेट क्वेरी'. ती फक्त प्रीमियम, म्हणजे पैसे भरलेल्या सभासदांना मिळते. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० डबे येतात. ज्याच्या आसपासचे डबे मागायचे तो मध्यबिंदू म्हणून घर नको, तुम्ही नेहमी ज्या बाजूला जाता तिथलं गाव द्या. फक्त चालू डबे मागा आणि दर आठवड्याचा वार म्हणून गुरुवार निवडा. शुक्रवार नको: संकेतस्थळाची कंपनी अमेरिकेतल्या सिॲटलची, तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेबारा ते साडेतेरा तास. त्यांचा शुक्रवार संपेपर्यंत आपल्याकडे शनिवारची दुपार होते, आणि तुम्ही तोवर गडावर! तयार फाइल सात दिवस उतरवता येते.

आपल्याकडे डबे विरळ, पुण्याच्या आसपास एक क्वेरी पुष्कळ झाली. मुलाकडे जर्मनीला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे हजार डबे बघता बघता संपतात. प्रवासाच्या मार्गालगतचे डबे तेवढे मागायची सोय आहे, ती वापरा.

उतरलेली झिप उघडली की दोन जीपीएक्स फाइली (जीपीएसला वाचता येणाऱ्या) दिसतात. बहुतेक जण मोठी तेवढी घेतात. नावात 'डब्ल्यूपीटीएस' असलेल्या छोटीतच गाडी लावायची जागा आणि मधले टप्पे असतात. दोन्ही गार्मिनमधल्या (गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रातल्या) 'जीपीएक्स' फोल्डरमध्ये टाका. त्याआधी जुन्या पुसा, नाहीतर मधल्या काळात बंद झालेले डबेही यादीत राहतात आणि तुम्ही भर उन्हात कपारी चाचपत बसता. डबा शोधायला गेलेल्यांनी लिहिलेल्या शेवटच्या पाच नोंदीही प्रत्येक डब्यासोबत फाइलमध्ये येतात. पाचही जण 'सापडला नाही' म्हणत असतील तर त्या डब्यासाठी वाट वाकडी करू नका.

फोन वापरणाऱ्यांनी हीच यादी जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवावी. नकाशा वेगळा उतरवावा लागतो, हे हमखास विसरतं. गडावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून घरीच विमान मोड लावून एक डबा उघडून बघा.

पहिली क्वेरी जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन दुकानात या, शेजारी बसून करून देऊ. फक्त मंगळवारी-बुधवारी या, शुक्रवारी रात्री नको.