शास्त्रीय संगीताचा व्यवसाय (हिंदुस्थानी)

शास्त्रीय संगीताचा व्यवसाय : हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत गाऊन-वाजवून, शिकवून, ध्वनिमुद्रित करून आणि त्याची वाद्ये घडवून चालणारा अर्थव्यवहार. यात गायक, वादक व साथीदार येतात, तसेच संगीत मंडळे, महोत्सवांचे आयोजक, रेकॉर्ड कंपन्या, आकाशवाणी, परीक्षा मंडळे, घरी क्लास घेणारे शिक्षक आणि तंबोऱ्याचा भोपळा पारखणारा कारागीरही येतो. ‘उद्योग’ हा शब्द गवयांच्या तोंडी सहसा नसतो. तिथे बैठक, कार्यक्रम, शिकवण्या आणि बिदागी हेच शब्द चालतात. विकला जातो तो मुख्यतः वेळ. राग कोणाच्या मालकीचा नाही, जुन्या बंदिशीही (रागात बांधलेली गीते) नाहीत. पैसे मिळतात ते श्रोत्यांसमोर मांडलेल्या तासा-दोन तासांचे. म्हणून पैसे देणारा बदलला की रागाची लांबी बदलते. गेल्या सव्वाशे वर्षांतला या व्यवसायाचा इतिहास बराचसा त्या लांबीचाच आहे.

संस्थानी काळात गवई दरबारच्या नोकरीत असे. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँ होते. पगार बांधलेला असल्याने गाणे किती वेळ चालावे हे घड्याळावर ठरत नसे. महाराजांची मर्जी आणि गवयाचा दम, एवढेच काय ते. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर खाँसाहेबांनी मुंबई गाठली. तिथे दरबाराची जागा धनिकांच्या दिवाणखान्यांनी आणि शिकवण्यांनी घेतली होती.

तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय मराठी माणसाला लावली ती नाटकांनी. १८८० मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली आणि पुढची चार-पाच दशके रागदारीचा सर्वांत मोठा खरेदीदार नाट्यगृहातला प्रेक्षक होता. भास्करबुवा बखल्यांसारख्या बुजुर्ग गवयाने बालगंधर्वांच्या पदांना चाली दिल्या, आणि ‘वन्स मोअर’च्या गजरात नाटक पहाटेपर्यंत लांबत गेले. प्रेक्षक मागेल तेवढे द्यायचे, हा हिशेब तिथला.

नाटकाबाहेर, निव्वळ गाण्याला तिकीट लावण्याचा धीर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) दाखवला. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी सौराष्ट्रात जाहीर जलसे केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा राजाच्या कृपेवर नव्हे, तर फी, देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही शाळा होती. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकण्यातली लाज तिने घालवली. १९०८ मध्ये मुंबईत आलेल्या विद्यालयाची इमारत मात्र पुढे कर्जापायी गेली. प्रतिष्ठा मिळवणे आणि हप्ते फेडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे नंतरच्या अनेक संगीत संस्थांच्याही वाट्याला आले.

रागाच्या लांबीवर खरा घाव घातला तो ग्रामोफोनच्या तबकडीने. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मायक्रोफोन नव्हता; भिंतीतून पुढे आलेल्या कर्ण्यात तोंड घालून, मान न हलवता, मोठ्याने गायचे. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात आलाप, बंदिशीचे अस्थायी आणि अंतरा हे दोन भाग, ताना सगळे बसवायचे आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारायचे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे ते कळायला हवे. कित्येक खाँसाहेबांनी हा प्रकार नाकारला. पहिल्या पिढीत यंत्रासमोर बसल्या त्या बहुतांशी व्यावसायिक गायिका, आणि गावोगावच्या घरांत पहिल्यांदा पोचला तोही त्यांचाच आवाज. तीन मिनिटांची ती शिस्त पुष्कळांना जड गेली. पण राग चार स्वरांत उभा करण्याची जी हातोटी तिने घडवली, तिला तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल. रेकॉर्डिंगविषयी कायम नाखूश राहिलेल्या गायिका केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली आणि त्यांची गादी आकाशवाणीने चालवली. ऑडिशन, त्यावरून मिळणारी ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशी श्रेणी, आणि श्रेणीनुसार मानधन, ही सरकारी उतरंड आजही कलाकाराच्या परिचयपत्रात पहिल्या ओळीत असते. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पेटीवर (हार्मोनियमवर) मात्र नभोवाणीत १९४० पासूनच बंदी होती. श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरे, नीट दाखवता येत नाहीत असा तिच्यावर आरोप होता. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. मधल्या तीस वर्षांत पेटीवाल्यांची नभोवाणीवरची रोजी बुडाली आणि सारंगियांची काही काळ टिकली. रेडिओने राग अर्ध्या तासाच्या चौकटीत आणला. लाल दिवा लागला की सुरू, विझायच्या आत शेवटची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची. उशीर म्हणजे पुढच्या बातम्यांवर अतिक्रमण.

याच काळात महोत्सव वाढले. गायक सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. रात्र-रात्र चालणारी बैठक, शाली पांघरून बसलेले हजारो श्रोते, शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची तबकडी, हा मराठी रसिकांचा वार्षिक सोहळा झाला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, आणि खुल्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यावर निर्बंध बसले. शेजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहेच. पण रागाला प्रहर असतो. मालकंस, दरबारी, पहाटेचा ललित हे मोठ्या मंचावर त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणे तेव्हापासून दुर्मीळ झाले. ‘दिवाळी पहाट’सारखे सकाळचे कार्यक्रम ही उणीव थोडी भरून काढतात, तिथे सुगम संगीत आणि अभंगांचा वाटा मोठा असला तरी.

महोत्सवाचा खर्च तिकिटांतून निघत नाही, प्रायोजक लागतो. सिगारेटच्या व्यवसायातून मोठ्या झालेल्या आयटीसी कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात गुरू-शिष्यांना पोसणारी संगीत संशोधन अकादमी काढली. त्याउलट किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीत सुरू केलेली स्पिक मॅके ही चळवळ विद्यार्थ्यांना विनातिकीट मैफली ऐकवते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कलाकाराच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या शास्त्रीय वा लोककलेच्या मानधनाला करातून सूट ठेवली गेली. ती मर्यादा ओलांडणारी नावे मोजकीच. मानधनाच्या पाकिटांतला फरक मंचावरही दिसतो: मुख्य कलाकाराच्या आकड्यापुढे तबलजी-पेटीवाल्याचा आकडा लहान, आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला बहुधा आशीर्वादच.

तो तंबोरा बहुतेकदा मिरजेचा. तिथल्या सतारमेकर घराण्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडू भोपळा, लाकडी दांडी आणि घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा. दोरा केसभर पुढेमागे झाला की जवारी (तारेचा भरीव, घुमणारा नाद) बंद पडते किंवा झणझणते. तो अचूक जागी बसवायला अर्धा तास जातो, आणि तोही वेळच. १९७९ च्या सुमारास बंगळूरुत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि आता मोबाइलवरचे ॲप फुकट सूर धरते. रियाजाची सोय झाली, कारागिराचे गिऱ्हाईक मात्र त्यामुळे कमी झाले.

बहुसंख्य कलाकारांचे घर मैफलींवर चालत नाही, शिकवण्यांवर चालते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी शिकवणीला पायऱ्या दिल्या. महाराष्ट्रात अशा परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळू लागल्यावर क्लासमध्ये गर्दी झाली. त्यांतली निम्मी मुले गुणपत्रिका हाती आल्यावर दिसेनाशी होतात, अशी शिक्षकांची नेहमीची कुरकूर असते. पण पुढच्या महोत्सवांतले जाणते श्रोते याच गर्दीतून निघतात, हेही खरे.

अलीकडे परदेशस्थ विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून शिकवणे हे उत्पन्नाचे भरवशाचे साधन झाले आहे. त्यात एक अडचण आहे. आवाज पलीकडे पोचायला क्षणाचा विलंब लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत, तबल्याची साथ तर नाहीच. गुरू एक जागा (स्वरांची लहानशी लकब) घेतो, थांबतो. शिष्य ती परत म्हणतो. ताल दोघांनी आपापल्या खोलीत, आपापल्या ॲपवर लावलेला असतो, आणि सम दोन्हीकडे वेगवेगळ्या क्षणी येते.