कार्यालयीन हरित संगणन

कार्यालयीन हरित संगणन : कार्यालयातील संगणक, मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस, सर्व्हर इत्यादी साधनांची खरेदी, वापर आणि विल्हेवाट यांचा पर्यावरणावर पडणारा भार कमी करण्याची पद्धत. वीजबचत हा तिचा सर्वांत परिचित भाग. यंत्र घडवताना खर्च झालेली ऊर्जा, पाणी व रसायने आणि यंत्र मोडीत निघाल्यावर उरणारा ई-कचरा हे भाग तितकेच महत्त्वाचे आहेत. लॅपटॉपच्या बाबतीत तर अधिकच. ‘जाताना संगणक बंद करा’ अशी पाटी स्विचबोर्डावर चिकटवली की हरित संगणन झाले, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी असते. पाटी आठवडाभर वाचली जाते. या विषयाचा खरा निकाल दोन जागी लागतो : खरेदीच्या निविदेत आणि सगळ्या यंत्रांच्या सेटिंग एकाच ठिकाणाहून ठरवणाऱ्या सिस्टिम ॲडमिनच्या टेबलावर.

निविदेचे बळ सर्वप्रथम अमेरिकेत दिसले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक चिन्ह सुरू केले. त्याखाली आलेली पहिली उत्पादने संगणक आणि मॉनिटर हीच होती. काम नसताना यंत्राने आपण होऊन ३० वॅटच्या आत यावे, अशी सुरुवातीची अट होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी संघराज्य सरकारच्या खात्यांनी या चिन्हाचेच संगणक घ्यावेत, असा आदेश काढला. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून उत्पादक कामाला लागले आणि ऐच्छिक अट बाजारात जवळजवळ सक्तीची झाली. स्वीडनमध्ये पुढाकार सरकारने घेतला नाही. तो नोकरदारांच्या संघटनांच्या महासंघाने घेतला. पडद्यासमोर दिवसभर बसणाऱ्यांच्या तब्येतीची काळजी हे त्यामागचे मूळ कारण. त्यातून १९९२ मध्ये मॉनिटरसाठी ‘टीसीओ’ प्रमाणपत्र आले आणि पुढे त्यात वीज, घातक द्रव्ये, पुनर्वापर असे निकष वाढत गेले. संगणकाला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायसाठीचे ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ चे. संस्थांनी करायच्या खरेदीसाठीची, पर्यावरणाच्या निकषांत बसणाऱ्या यंत्रांची ‘ईपीट’ ही नोंदसूची २००६ ची. शिसे, पारा, कॅडमियम आदी द्रव्यांवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा ‘रोह्‌स’ निर्देश १ जुलै २००६ पासून लागू झाला. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन २००६ मध्ये सुरू झाले. फ्रीज आणि एसीवरचे तारे सर्वांना पाठ असतात. लॅपटॉपसाठीही अशी ऐच्छिक योजना आहे, हे मात्र खरेदी करणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

संगणक झोपतो कसा, हे ‘एसीपीआय’ या मानकाने ठरवले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एस-३ ही नेहमीची झोप : मेमरीला तेवढी वीज चालू, बाकी सारे बंद. एस-४ म्हणजे हायबरनेशन. यात मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र जवळपास पूर्ण बंद होते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ ऐवजी मोबाइलसारखी अर्धवट जागी झोप असते. ती सोयीची खरी, पण झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढताना गरम लागतो, त्यालाही पुष्कळदा तीच जबाबदार असते.

स्क्रीनसेव्हरचा वीजबचतीशी काही संबंध नाही. जुन्या सीआरटी (काचनळीच्या) मॉनिटरच्या काचेमागील फॉस्फर या चमकणाऱ्या लेपावर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर त्याचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी हलती चित्रे आली. एलसीडी पडद्यामागचा दिवा चित्र हलत असो वा नसो, जळतच राहतो. नावात ‘सेव्हर’ असल्यामुळे पुष्कळ कार्यालयांत ही चित्रे आजही पुण्यकर्म समजून लावली जातात.

चालू राहिलेल्या यंत्राचा हिशेब सोपा आहे. समजा, टॉवर (डेस्कटॉपचा खोका) आणि मॉनिटर मिळून काम नसतानाही ६० वॅट घेतात. वर्षाचे तास ८,७६०. रोज ९ तास याप्रमाणे २५० दिवस काम धरले तर २,२५० तास होतात आणि उरतात ६,५१०. एवढा वेळ ही जोडी नुसती चालू राहिली, तर सुमारे ३९० युनिट वीज जाते. झोपेत ३ वॅट धरले, तर हाच आकडा २० युनिटांवर येतो. युनिटाला दहा रुपये धरले, तरी एका टेबलामागे वर्षाला ३,७०० रुपये वाचतात. भारतीय वीजजाळ्यात अजूनही कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या ३७० युनिटांचा अडीचशे किलोंहून अधिक. एक साधा लॅपटॉप नव्याने घडवताना होणारे उत्सर्जन साधारण याच पट्ट्यात असते.

हे इतके सरळ असूनही यंत्रे रात्रभर चालू का राहतात? बंद-चालू केल्याने यंत्र खराब होते, ही समजूत जुनी. फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात तिला थोडा तरी आधार होता, फिरते भाग नसलेली एसएसडी डिस्क आल्यावर तोही गेला. खरे कारण आयटी विभागाचे असते. अपडेट, अँटिव्हायरस आणि बॅकअप रात्री चालतात, त्यासाठी यंत्रे जागी हवीत. यावर नेटवर्कवरून झोपलेले यंत्र उठवण्याची ‘वेक-ऑन-लॅन’ सोय १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहे : ठरावीक संदेश पाठवायचा, यंत्र उठते, अपडेट घेते, पुन्हा झोपते. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रणालीत) ती सुरू करून ठेवावी लागते, आणि नेमके तेच राहून जाते. दुसरी अडचण फसवी आहे. १५ मिनिटांनी झोपण्याची सेटिंग केली, तरी एखादे यंत्र झोपतच नाही. ब्राउझरच्या एका टॅबमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ किंवा जोडलेले उपकरण चालवणारा एखादा हटवादी ‘ड्रायव्हर’ प्रोग्रॅम त्याला जागे धरतो. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘रिक्वेस्ट्स’ या पर्यायासह दिली, की झोपमोड कोण करतो आहे त्याचे नाव पडद्यावर येते. शंभर यंत्रांच्या कार्यालयात असे दोन-तीन गुन्हेगार सापडले, की सगळीकडचा प्रश्न एका फटक्यात मिटतो, कारण सॉफ्टवेअर बहुधा सर्व यंत्रांवर एकच असते.

यूपीएस हा भारतीय कार्यालयांचा खास भाग. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात टेबलागणिक ६०० व्हीएचा एकेक यूपीएस आला. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत मान टाकते. मोठ्या कार्यालयांतील ऑनलाइन यूपीएस आलेली वीज आधी एकदिश (डीसी) आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती (एसी) करत राहतो आणि या उलटसुलट प्रवासात दिवसरात्र थोडी थोडी वीज उष्णता होऊन जाते. गरजेपेक्षा खूप मोठा यूपीएस घेतला, तर ही गळती भाराच्या मानाने आणखी वाढते. डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप दिला, तर विजेची बचत होतेच, शिवाय बॅटरी यंत्रातच असल्याने टेबलाखालचा यूपीएस आणि त्यातले शिसेही टळते. भारतात लॅपटॉपच्या बाजूने देता येईल असा हा सर्वांत बळकट मुद्दा, आणि परदेशी मार्गदर्शिकांत तो सहसा नसतो.

यंत्राने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीत पडतो आणि ती बाहेर काढायला एसी लागतो. म्हणून मुंबईसारख्या ठिकाणी संगणकावर वाचलेली वीज वातानुकूलनातही वाचते. सर्व्हरची खोली शहारे येतील इतकी गार ठेवण्याची रीत निष्कारण आहे. ‘ॲश्रे’ या अमेरिकी अभियंता संस्थेच्या शिफारशीनुसार सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असली तरी चालते. खोलीतल्या एसीसाठी भारतात जानेवारी २०२० पासून कारखान्यातूनच २४ अंशांची सेटिंग येते. ती कोण बदलतो, हा कार्यालयीन राजकारणाचा विषय आहे.

छपाईबाबत थोडक्यात. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो, म्हणजे ५०० कागदांचे रिम अडीच किलोंचे. प्रिंटरमध्ये मुळातच पाठपोट छपाईची सेटिंग करून ठेवणे आणि ओळखपत्र टेकवल्यावरच कागद बाहेर येण्याची सोय, या दोन गोष्टींनी ट्रेमध्ये बेवारस पडणाऱ्या कागदांची संख्या लगेच घटते. टोनर रिफिल करून देणारी दुकाने गल्लोगल्ली असणे हे भारताचे न मोजलेले हरित कार्यच म्हणायचे. कागदाविना कारभाराला महाराष्ट्रात जोर आला तो मात्र झाडांच्या प्रेमातून नव्हे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या, आणि त्या संगणकावर हव्यात हे सर्वांना एकाच दिवशी पटले.

यंत्र घडवण्याचा भार डोळ्यांआड होतो. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासानुसार १७ इंची सीआरटी मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत होते. यंत्रे त्यानंतर हलकी झाली, वीजही कमी पिऊ लागली. पण त्यामुळेच एकूण भारात निर्मितीचा वाटा वाढला. आजच्या बहुतेक लॅपटॉपांच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा मोठा भाग ते खोक्यातून बाहेर येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. म्हणून चालते यंत्र मोडीत काढून ‘हिरवे’ नवे घेणे हा बहुधा तोट्याचा सौदा ठरतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी वाढवली, तर सात-आठ वर्षांचे यंत्रही टंकलेखन, ईमेल, तक्ते एवढ्यासाठी पुरते.

आयुष्य कमी होते ते बहुतेक सॉफ्टवेअरमुळे. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट यंत्रे एका तारखेला जुनी ठरली. सुरक्षा अपडेट काही काळ पैसे भरून घेणे किंवा लिनक्स या मुक्त प्रणालीवर जाणे, हे दोन मार्ग उरतात. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर स्वीकारले; सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह तयार केली. मराठी कार्यालयांत हे पाऊल अडते ते वेगळ्याच ठिकाणी. वर्षानुवर्षांची कागदपत्रे अ-युनिकोड, म्हणजे युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेताबाहेरच्या फाँटांत साठवलेली असतात आणि ती उघडणारी, टंकणारी साधने विंडोजवरच चालतात. जुनी कागदपत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे कंटाळवाणे काम झाले, तर त्याचा फायदा यंत्रांच्या आयुष्यालाही होतो, हे सहसा कोणी जोडून पाहत नाही.

यंत्र खरोखरच संपले, की कायदा लागू होतो. भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले, पुढे २०१६ चे आले आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यादीतील वस्तूंची संख्या त्यांत २१ वरून १०६ झाली. वर्षभरात केव्हाही यादीतील हजार किंवा अधिक उपकरणे वापरणारी संस्था ‘घाऊक ग्राहक’ ठरते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा असतो. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद त्यातील २२.३ टक्क्यांचीच आहे. भारतातल्या अशा नोंदीबाहेरच्या कचऱ्यातला बराचसा दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद अशा ठिकाणी पोहोचतो. तेथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि मौल्यवान धातूंसाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. महाराष्ट्रात परवाने आणि देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि ‘पूर्णम इकोव्हिजन’ संकलनाच्या मोहिमा चालवतात.

सरकारी कार्यालयांत याआधीची एक पायरी असते : निर्लेखन, म्हणजे वस्तू निकामी ठरवून नोंदीतून काढणे. डेडस्टॉक रजिस्टरमधली (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतली) नोंद निर्लेखन झाल्याशिवाय निघत नाही, आणि ते करायला समिती, मूल्यांकन, मंजुरी असे टप्पे पार करावे लागतात. तोवर मॉनिटर आणि टॉवर जिन्याखाली, रेकॉर्ड रूममध्ये एकावर एक रचलेले राहतात. पाच वर्षांपूर्वी एखाद्या शाळेला उपयोगी पडले असते असे यंत्र मंजुरी मिळेपर्यंत खरोखरच भंगार होते. मग लिलाव होतो, आणि सर्वाधिक बोली बहुधा परवाना नसलेल्या भंगारवाल्याची असते. बोलीच्या अटींतच नोंदणीकृत पुनर्चक्रकाचा परवाना मागितला, तर बोली थोडी उतरते, पण माल नियमांत बसणाऱ्या हाती जातो. खासगी कंपन्यांत अडसर वेगळा असतो. हार्ड डिस्कवरच्या माहितीच्या भीतीने चांगले लॅपटॉप फोडले किंवा दळले जातात. डिस्क मुळातच एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात साठवलेली) असेल, तर किल्ली नष्ट केली की मजकूर वाचता येत नाही. अन्यथा डिस्क प्रमाणित पद्धतीने पुसून तसा दाखला घेता येतो. दोन्ही प्रकारांत यंत्र अखंड राहते आणि दुसऱ्याला देता येते.

अलीकडे कार्यालयातला सर्व्हरच नाहीसा होऊन काम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या सर्व्हरांवर जात आहे. कार्यालयाचे वीजबिल त्याने घटते. खर्च ऐरोली, महापे, पनवेल अशा ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये सरकतो. मोठी केंद्रे तेच काम छोट्या सर्व्हरखोलीपेक्षा कमी विजेत करतात, हे खरे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या ती दीड टक्का होती. सेवा देणाऱ्या कंपनीकडून आपल्या वाट्याच्या उत्सर्जनाचा अहवाल मागता येतो, आणि मोठ्या कंपन्या तो देतात. करार करतानाच तशी अट घालावी लागते.