खांब जमिनीवर, बॅरियर जमिनीखाली: खाणीच्या दोन हद्दी

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीचा मंजूर नकाशा काढा, त्यात दोन रेषा सापडतील. एक प्लॉटची, जिच्यावर कम्पाउंडची भिंत येते. दुसरी तिच्या आत, साइड मार्जिन सोडून, जिथे इमारत थांबते. या दोन रेषांची गल्लत ठाण्यात सहसा कुणी करत नाही. भूमिगत कोळसा खाणीचा विषय निघाला की मात्र हद्दीचा खांब आणि हद्दीचा बॅरियर, म्हणजे हद्दीलगत जमिनीखाली राखून ठेवलेला कोळशाचा पट्टा, यांना सर्रास एकच समजतात. ‘खांब बसले, हद्द झाली’ हे वाक्य तिथूनच येतं.

खांब हा खाणीच्या भाडेपट्ट्याचा मामला. कोळसा कुणाचा, रॉयल्टी कुणी भरायची, हे तो ठरवतो. कोळशाला लागू असलेल्या १९६० च्या खनिज सवलत नियमांनुसार पट्टेदाराने खांब स्वखर्चाने उभारायचे आणि कायम धड ठेवायचे. इतर प्रमुख खनिजांसाठी २०१६ चे नियम आहेत, त्यांत मापंही नेमून दिली आहेत. कोपऱ्याचा खांब आरसीसीचा, पाया ३० × ३० सेंमी, उंची १.३० मीटर, त्यातला ०.६० मीटर जमिनीत. मधले खांब एक मीटरचे, त्यांचा फक्त ०.३० मीटर भाग जमिनीत. दोन खांबांत ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि एकापाशी उभं राहिलं की दोन्हीकडचा पुढचा खांब दिसायला हवा. रंग पिवळा, माथ्याचे १० सेंमी लाल. क्रमांक घड्याळाच्या दिशेने, एकूण संख्येसह कोरलेला, जसं ७/२४. कोपऱ्याच्या खांबाचा माथा १५ सेंमीचा चौकोन असतो, त्यावर १० सेंमी व्यासाचं वर्तुळ आणि मधोमध एक फुली. हद्द म्हणजे ती फुली. खांबाच्या कडेपासून टेप लावणारे तिथेच चुकतात.

या फुल्या जोडणारी रेष जमिनीवर संपत नाही. १९६० चे नियम म्हणतात की पट्ट्याची हद्द पृथ्वीच्या केंद्राकडे सरळ खाली जाते. म्हणजे दोनशे मीटर खोलीवरही हद्द असते, फक्त तिथे पिवळा खांब नसतो. तिथे असतो बॅरियर.

बॅरियर म्हणजे न कापता ठेवलेला कोळसा. हा सुरक्षेचा मामला, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीतला. नियम असा की हद्दीपासून ७.५ मीटरच्या आत काम करायचं नाही. शेजारच्या खाणीनेही तेवढंच सोडलं की मध्ये १५ मीटर घट्ट कोळसा उरतो. हद्दीचा वाद असेल तर शेजारी जी रेष आपली म्हणतो तिथून ७.५ मीटर मोजायचे, आपल्याला वाटते तिथून नाही.

बॅरियर अडवतो ते मुख्यतः पाणी. २ फेब्रुवारी २००१ ला झारखंडमधल्या बागडिगी खाणीत शेजारच्या जयरामपूर खाणीच्या जुन्या कामातलं, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळीतलं, पाणी घुसलं आणि २९ कामगार गेले. अशा धोक्यासाठीच नियम आहे की पाणी साठलेलं असू शकेल अशा जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर आधी लेखी परवानगी लागते. ७.५ आणि ६० या आकड्यांचीही अदलाबदल होते. पहिला हद्दीपासूनचा, दुसरा दुसऱ्या कामापासूनचा.

आता खरी मेख. वर खांब सेंटिमीटरला बिनचूक असला तरी खालचा बॅरियर त्याने वाचत नाही. वरची दिशा इनक्लाइनमधून (उतरत्या बोगद्यातून) किंवा शाफ्टमधून (उभ्या विहिरीतून) खाली न्यावी लागते, आणि पुढे प्रत्येक गॅलरीगणिक, म्हणजे खालच्या प्रत्येक बोगद्यागणिक, चूक साठत जाते. जुना नकाशा चुंबकीय उत्तरेवर काढलेला असेल आणि खऱ्या उत्तरेशी असलेला अर्ध्या अंशाचा फरक कुणी धरला नसेल, तर एक किलोमीटरवर रेष ८.७ मीटर सरकते. साडेसात मीटर तिथेच खलास, कागदावर बॅरियर शाबूत! खालून कोळसा काढल्यावर जमीन खचते, तेव्हा वरचा खांबही कलतो. मग त्या कललेल्या खांबावरून फेरमोजणी करणं म्हणजे चूक पक्की करणं. मोजणी खचलेल्या भागाबाहेरच्या स्थिर बिंदूवरूनच सुरू करावी.

नवी मुंबईकराला हे लांबचं वाटायचं कारण नाही. पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या, आणि ७.५ मीटरचा नियम दगडखाणीलाही आहे. फरक इतकाच की तिथे बॅरियर उघड्यावर असतो आणि पावसाळ्यात तो स्वतःच कमी होतो. बेंचची (दगड कापून केलेल्या पायरीची) कड मोजून साडेसातवर ठेवली की जुलैत वरचा मुरूम सुटतो आणि कड हद्दीकडे सरकते. तुर्भ्याचा पाऊस पाहता कड आणखी दोनेक मीटर आत ठेवलेली बरी. मुरुमात उथळ गाडलेला मधला खांब काँक्रीटने पक्का केला नसेल तर तोही कलंडतो. आणि हातातल्या जीपीएसवर बॅरियर मोजू नका. त्याची तीन ते पाच मीटरची चूक निम्मा बॅरियर खाऊन टाकते.

तपासणीही म्हणूनच वेगवेगळी. खांबासाठी डीजीपीएस (साध्या जीपीएसपेक्षा कितीतरी अचूक यंत्र) घेऊन वर फिरायचं. बॅरियरसाठी खालचा नकाशा मागायचा आणि तीन गोष्टी बघायच्या: उत्तर कोणती धरली आहे, शेजारच्या खाणीची ६० मीटरच्या आतली कामं दाखवली आहेत का, आणि दोन्ही खाणींच्या सर्व्हेअरनी मिळून केलेल्या मोजणीवर दोघांच्या सह्या आहेत का. तिसरी गोष्ट नसेल तर पुढे कोळसा किती जाड उरलाय हे नकाशावर न मोजता आधी बोअर मारून बघायचं.