एकाची वाया जाणारी वाफ, दुसऱ्याची ऊब

औष्णिक वीजकेंद्रात जाळलेल्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा सहसा विजेत उतरतच नाही. ती उष्णता होऊन पाण्यात किंवा हवेत निघून जाते. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या छोट्या बंदराच्या शहराने 1981 मध्ये ही उष्णता घरांकडे वळवायचा करार केला. टर्बाइनमधून काही वाफ मध्येच काढून घ्यायची, हीट एक्स्चेंजरमध्ये (वाफ पाण्यात न मिसळता तिची उष्णता पाण्याला देणाऱ्या यंत्रात) तिने पाणी तापवायचं आणि ते शहरभर फिरवून गार झालं की परत आणायचं. तेलावर चालणाऱ्या सुमारे 3,500 घरगुती भट्ट्यांची गरज त्यामुळे संपली. तिथल्या रिफायनरीचा वायू तर 1972 पासूनच शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्यात जळत होता.

एका कारखान्याचं उरलेलं दुसऱ्याने वापरायचं, या औद्योगिक सहजीवनाचा आराखडा आधी कोणी आखलेला नव्हता. शहर लहान, कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे. त्यातून एकेक करार होत गेला. माझ्या मते पाइपइतकंच महत्त्व या ओळखीला आहे. मोठ्या शहरात ती मुद्दाम घडवावी लागते. ब्रिटनने 2005 मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू करून कंपन्यांना एकत्र बसवलं: तुमच्याकडे काय उरतं, तुम्हाला काय हवं?

रहिवाशांना मात्र अशा बैठकीत क्वचितच बोलावतात, आणि गाडी तिथेच अडते. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाची धरणं दुष्काळाने आटत असताना शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या साठ्यात सोडायची योजना पुढे आली. 2006 च्या सार्वमतात सुमारे 62 टक्के लोकांनी ती नाकारली. पुढे तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जवळच्या कोळसा खाणीला मिळू लागलं. पाण्याचा उगम तोच, वापर वेगळा. कोणता वापर लोकांना चालेल, हे प्रयोगशाळेचा अहवाल सांगत नाही. ते लोकांनाच विचारावं लागतं, आणि तेही निर्णय होण्याआधी.

त्यांचे प्रश्न रास्त असतात. कारखान्यातून निघणाऱ्या आणि शेतात खत म्हणून टाकायच्या गाळातले जड धातू कोण तपासणार? ती तपासणी कारखान्यानेच केली, तर विश्वास कसा बसणार? नमुने शेतकऱ्यांसमोर घेऊन त्रयस्थ प्रयोगशाळेकडे पाठवले, तर निम्मी शंका तिथेच मिटेल. उष्णतेचं गणित आणखी नाजूक आहे. वीजकेंद्र बंद पडलं, की एकाच वेळी हजारो घरं गारठतात. अशा वेळी राखीव बॉयलर कोण चालवणार आणि त्याचा खर्च कोणाच्या बिलात पडणार, हे पाइप पुरण्याआधी रहिवाशांसमोर करारात लिहिलं गेलं पाहिजे.